हप्ते चालू असलेली गाडी बदलताना



आमच्या बेळगावात हल्ली "गाडी विकली" असं कुणी म्हणत नाही. "गाडी बदलली" म्हणतात. जुनी शोरूममध्ये लावायची, वरची रक्कम कर्जानं उभी करायची, नवी ताब्यात घेऊन कपिलेश्वराला नारळ फोडायचा आणि गल्लीत पेढे वाटायचे. बदलली यात वाईट काही नाही. पण दिलेल्या गाडीचे हप्ते अजून चालू होते की संपले, हे पेढे खाताना कुणी विचारत नाही आणि देणाराही सांगत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास माझ्याकडं येणाऱ्या माणसांत निम्मे तरी याच भानगडीचे असतात. निवृत्त बँकवाला म्हणजे फुकटचा वकील अशी आपल्याकडं समजूत आहे. असो, माझी तक्रार नाही, चहा त्यांच्या निमित्तानं मलाही मिळतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कर्ज फिटायच्या आत गाडी बदलणं म्हणजे काही पाप नव्हे. कधी कधी ते गरजेचं असतं. मात्र तो एक व्यवहार नसून तीन व्यवहार आहेत: जुनं कर्ज बंद करणं, जुनी गाडी विकणं आणि नवी गाडी घेणं. शोरूमवाला हे तिन्ही एका कागदावर, एका आकड्यात गुंडाळून देतो आणि आपण त्या एका आकड्याकडं बघून हो म्हणतो. माझा सगळा आक्षेप या गुंडाळण्याला आहे.

आमच्या पिढीची माणसं पोरांना सल्ला देतात, "अरे घे की, नाही झेपलं तर गाडी विकून कर्ज फेडता येतं." हा सल्ला चुकीचा कसा ठरतो ते समजायला थोडं मागं जावं लागेल. मी बँकेत लागलो १९७२ साली. त्या काळात बजाजची स्कूटर नोंदवायची आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. कुणाचा नंबर लागला आणि त्यानं स्कूटर विकायला काढली, तर वापरलेली स्कूटर नव्याच्या किमतीपेक्षा जास्तीला जायची. 'ऑन' देऊन घ्यायचे लोक. पुढं डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिचंही सुरुवातीला तेच. नंबर लागलेला माणूस म्हणजे लॉटरी लागलेला माणूस. अशा दिवसांत बँकेनं दिलेलं कर्ज आणि वाहनाची बाजारातली किंमत यांत नेहमी अंतर असायचं, आणि ते कर्जदाराच्या बाजूचं असायचं. वाहन विकलं की कर्ज फिटून वर चार पैसे हातात. कर्जही तेव्हा तीन-चार वर्षांचंच, आणि पदरचे पैसे बऱ्यापैकी घातल्याशिवाय मॅनेजर कागद पुढं सरकवत नसे.

आता टंचाई नाही. कारखान्यातून गाडी बाहेर पडली की घसारा सुरू. कर्ज मात्र सात वर्षांचं, आणि 'ऑन रोड' किमतीच्या नव्वद-शंभर टक्क्यांपर्यंत. म्हणजे गाडी उतरते जिन्यावरून धाडधाड, आणि कर्ज उतरतं उतारावरच्या म्हाताऱ्यासारखं, काठी टेकत. पहिली तीन-चार वर्षं कर्ज वर आणि गाडीची किंमत खाली, अशीच स्थिती बऱ्याच घरांत असते. वडिलांचा सल्ला १९७५ च्या बाजारातला आणि मुलाचं कर्ज आजचं, ही खरी अडचण.

आकडे घालून सांगतो, कारण आकड्याशिवाय माझं समाधान होत नाही. माझा पुतण्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. त्यानं २०२२ च्या दिवाळीत गाडी घेतली. शोरूमची किंमत साडेआठ लाख. कर्नाटकातला आयुष्यभराचा रोड टॅक्स, विमा वगैरे धरून दहा लाखांच्या वर गेली. दोन लाख पदरचे आणि ८ लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, ८४ हप्ते. हप्ता ₹१३,०७५. तीन वर्षं पोरानं एकही हप्ता चुकवला नाही. ३६ हप्त्यांचे मिळून ₹४,७०,७०० भरले. आता कर्ज किती राहिलं असेल? मी त्याला विचारलं तर तो म्हणाला, "काका, साडेतीन लाख असेल की."

राहिले होते सुमारे ₹५,२०,४००. भरलेल्यातले ₹१,९१,००० व्याजात गेले होते. दर महिन्याच्या उरलेल्या रकमेवर व्याज लागतं, म्हणून सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा जास्त. यात बँकेनं काही लबाडी केलेली नाही, हिशेबच तसा आहे. परतफेडीचं वेळापत्रक कर्ज घेताना देतात, पण ते लग्नपत्रिकेइतकंसुद्धा कुणी वाचत नाही.

आता दुसरी बाजू. विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना जो घसारा धरतात, तो असा: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. साडेआठ लाखांच्या गाडीला तीन वर्षं पूर्ण झाल्यावर चाळीस टक्के वजा केले तर राहतात ₹५,१०,०००. म्हणजे समजा ही गाडी चोर्ला घाटात दरीत गेली आणि माणसं देवदयेनं वाचली, तर विम्याचे पैसे आधी बँकेला जाणार आणि वर पुतण्याच दहा हजारांचा देणेकरी. नसलेल्या गाडीचा देणेकरी. हे त्याला सांगितलं तेव्हा त्याची बायको आतून बाहेर येऊन बसली.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. नवी घेणाऱ्यांना आनंद, पण नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली येतो. ज्यांचं कर्ज जुन्या किमतीवर काढलेलं होतं, त्यांचं कर्ज काही स्वस्त झालं नाही. पेपरात पहिल्या पानावर पहिली बातमी होती, दुसरीचा हिशेब ज्यानं त्यानं घरी करायचा.

तर पुतण्याला गाडी का बदलायची होती? हौस म्हणून नाही. माझे थोरले बंधू, म्हणजे त्याचे वडील, यांचे दोन्ही गुडघे बदललेले. बुटक्या गाडीत बसताना त्यांना आधी पाठमोरं टेकायचं, मग एकेक पाय हातानं उचलून आत घ्यायचा, असं चालायचं. डॉक्टरकडं जायचं म्हटलं की ते आदल्या रात्रीपासून गप्प व्हायचे. उंच गाडी हवी होती, आणि आत्ताच हवी होती. चार वर्षांनी घेऊन उपयोग नव्हता. म्हणून मी "थांब, कर्ज फिटू दे" असं म्हटलं नाही. जे लोक सरसकट "कर्ज फिटल्याशिवाय बदलू नये" म्हणतात, त्यांना घरातलं म्हातारपण दिसत नसावं.

शोरूमातला पोरगा गोड. आपलाच मराठी. "काका, तुम्ही फक्त सह्या करा, बँकेचं, आरटीओचं सगळं आम्ही बघतो." जुन्या गाडीचे ४ लाख ७५ हजार, वर 'एक्सचेंज बोनस' ३० हजार. मी म्हटलं, जुन्या कर्जाचं काय? म्हणाला, तेही आम्हीच भरतो. आणि ५ लाख ५ हजारांत ते बसत नाही त्याचं? तर थोडं हसून म्हणाला, "जे काय तीस-पस्तीस कमी पडतील ते नव्या लोनमध्ये बसवू, हप्त्यात पाचशेचा फरक, काका."

पाचशेचा फरक. मी खिशातला कॅल्क्युलेटर काढला. (मोबाईलवर पण करता येतं, माहीत आहे. मला जमत नाही.) ३४ हजार रुपये त्याच दरानं ८४ महिन्यांवर पसरले तर महिन्याला ₹५५६ आणि एकूण सुमारे ₹४६,७००. दुसऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या गाडीसाठी आपण २०३२ पर्यंत हप्ता भरायचा. आणि नव्या गाडीचं कर्ज पहिल्या दिवसापासून तिच्या किमतीच्या वर. पुन्हा तीन वर्षांनी बदलायची वेळ आली तर हा खड्डा आणखी खोल. मी नोकरीत असताना शेतकऱ्याचं पीककर्ज 'जुनं-नवं' करताना बघितलंय, जुनं फेडल्याचं दाखवून लगेच नवं. कागदावर खातं चोख, आणि माणूस दर वर्षी थोडा थोडा बुडालेला. गाडीचंही तेच चाललंय, फक्त इथं एसी शोरूम आहे आणि कॉफी देतात.

आम्ही काय केलं ते सांगतो. पहिली गोष्ट, कर्ज देणाऱ्या बँकेकडून 'फोरक्लोजर'चं पत्र पुतण्यानं स्वतः मागितलं. शोरूममार्फत नाही. त्या पत्रात मुद्दल, त्या तारखेपर्यंतचं व्याज, मुदतीआधी फेडल्याबद्दलचा आकार आणि त्यावरचा जीएसटी वेगवेगळे लिहून येतात. आकार होता तीन टक्के, म्हणजे ₹१५,६१३, वर जीएसटी ₹२,८१०. एकूण देणं ५ लाख ३८ हजार ८५० च्या घरात. पुष्कळांना वाटतं की रिझर्व्ह बँकेनं हा आकार बंद केलाय. २०१४ साली बंद केला तो बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जांवरचा. गाडीची कर्जं बहुतेक ठरलेल्या दरानं असतात, तिथं करारात जे लिहिलंय ते लागतं. तेव्हा करार काढून बघा. काही ठिकाणी ठरावीक हप्ते झाल्यावर हा आकार कमी होतो, महिना-दोन महिने थांबल्यानं दहा हजार वाचणार असतील तर थांबावं.

त्या पत्रावर तारीख असते. त्या तारखेनंतर दिवसाचं व्याज चढतं, या खात्यात ते दिवसाला साधारण ₹१३५ होतं. शोरूमवाल्यानं "भरतो, भरतो" म्हणत तीन आठवडे लावले आणि मध्ये पाच तारीख आली, तर हप्ता तुमच्याच खात्यातून कापला जाणार. तुम्ही "गाडी दिलीय की" म्हणून खात्यात पैसे ठेवले नाहीत, तर हप्ता परत गेल्याची नोंद तुमच्या नावावर, शोरूमच्या नाही. सिबिलला शोरूमचं नाव कळत नाही.

दुसरी गोष्ट, जुन्या गाडीची किंमत बाहेर विचारली. उद्यमबागेतलाच एक ओळखीचा लेथवाला ५ लाख ३५ हजार द्यायला तयार झाला. शोरूमच्या बोनससकट आकड्यापेक्षा ३० हजार जास्त. पण त्याला भीती, पैसे दिले आणि बँकेनं एनओसी दिलीच नाही तर? रास्त भीती आहे. मग असं ठरवलं की तो पैसे पुतण्याच्या हातात देणारच नाही. आम्ही तिघंही बँकेत गेलो. त्यानं ५ लाख १० हजार थेट कर्जखात्यात भरले, पुतण्यानं आपले ₹२८,८५० घातले, खातं बंद झाल्याचा उतारा तिथंच हातात घेतला. राहिलेले २५ हजार लेथवाल्यानं आरसी नावावर झाल्यावर द्यायचे. गाडी त्याच दिवशी दिली, पण 'ताबा दिला' अशी तारीख-वेळेसह पावती दोघांच्या सहीनं केली. पोलिसांचं चलन आलं तर कुठल्या दिवसापासून कुणाचं, हे त्यावरून कळतं.

शोरूमलाच द्यायची तरी हरकत नाही. गिऱ्हाईक शोधायची दगदग सगळ्यांना झेपत नाही, आणि बाईमाणसानं एकटीनं अनोळखी लोकांना गाडी दाखवत बसण्यापेक्षा तीस हजार कमी घेतलेले बरे, असंही मी दोघी-तिघींना सांगितलंय. पण तिथं दोन आकडे वेगळे मागा: जुनी गाडी नुसती विकली तर किती, आणि नवी गाडी जुनी न देता घेतली तर सूट किती. बोनस बऱ्याचदा एका हातानं देतात आणि नव्या गाडीवरची सूट दुसऱ्या हातानं काढून घेतात.

विम्याचंही एक आहे, तेही बहुतेक जण सोडून देतात. दावा न केल्याबद्दलची जी सूट असते, नो क्लेम बोनस, ती गाडीची नसते, माणसाची असते. पाच वर्षं दावा नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत जाते. जुनी गाडी देताना विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं तर नव्या गाडीच्या विम्यावर ती सूट मिळते. शोरूमवाला स्वतःहून सांगेलच असं नाही. आणि फास्टॅग बंद करायला विसरू नका. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ दोन महिने कोगनोळी टोलचे पैसे भरत होते, घरात बसून.

आता मुख्य गोष्टीकडं येतो, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

बँकेच्या भाषेत हायपोथिकेशन म्हणतात, त्याला आपल्या जुन्या कागदपत्रांत फार चांगला शब्द आहे: नजरगहाण. सोनं गहाण ठेवलं की ते बँकेच्या तिजोरीत जातं. घर तारण ठेवलं की खरेदीखत बँकेत जातं. गाडी मात्र तुमच्याच दारात, तुमच्याच ताब्यात, तुम्हीच चालवायची. बँकेची फक्त तिच्यावर नजर. ही नजर आरसीवर लिहिलेली असते. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५१ व्या कलमाप्रमाणं ती नोंद असेपर्यंत बँकेच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. कर्ज फिटल्यावर बँकेनं आणि मालकानं सही केलेला फॉर्म ३५ आरटीओत द्यायचा, नोंद उतरवायची, मग फॉर्म २९ आणि ३० वर नाव बदलायचं. क्रम हाच.

आमच्या सीमाभागात हा क्रम मोडायची एक खास वाट आहे. केए-२२ ची गाडी चंदगडच्या किंवा गोव्याच्या माणसाला विकायची म्हटलं की राज्य बदलतं. इथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, तीही बँकेची संमती जोडून. मग तिकडं पुन्हा टॅक्स, नवा नंबर. कायद्यानं दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवली तर नवा नंबर घ्यावाच लागतो. हा खर्च आणि हेलपाटे वाचवायला माणसं काय करतात? शंभराच्या बॉण्डवर नोटरी करतात. "लाख रुपये रोख घ्या, पुढचे हप्ते मी भरतो, फिटलं की नावावर करू." दोघंही खूश. पाहुण्यांतले पाहुणे, रोटी-बेटी व्यवहार पलीकडं असल्यानं अविश्वासाला जागा नाही.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींच्या मिस्टरांनी २०१७ मध्ये असाच व्यवहार केला होता. माझे ते मित्र, पण मला त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांना दम्याचा त्रास, गाडी चालवणं बंद झालं होतं, हप्ता जड जात होता. सीमेपलीकडच्या ओळखीच्या माणसाला गाडी दिली, नोटरी केली. तो माणूस दर महिन्याला यांच्या खात्यात पैसे टाकायचा आणि तिथून हप्ता जायचा. वर्षभर सुरळीत. २०१८ च्या पावसाळ्यात हे गेले. बाराव्याला तो माणूस आला होता, रडला, "वहिनी, गाडीचं मी बघतो" म्हणाला. पुढं तीन महिन्यांनी पैसे यायचे थांबले.

वहिनींना गाडीवर कर्ज आहे हेच ठाऊक नव्हतं. त्यांच्या समजुतीनं गाडी विकलेली होती. दिवाळीच्या आधी वसुलीवाली दोन पोरं दारात आली, भर दुपारी, गल्लीसमोर मोठ्या आवाजात. ज्या बाईनं उभ्या जन्मात किराणा दुकानात उधारी ठेवली नाही, तिला कुणीतरी "कर्ज बुडवता काय" असं विचारलं. त्यानंतर त्यांनी सहा महिने पुढचं दार उघडलं नाही, मागच्या दारानं ये-जा करायच्या. कर्जाला जामीन होते त्यांचे सख्खे भाऊ. करार कायद्याचं १२८ वं कलम जामीनदाराला कर्जदाराइतकंच जबाबदार धरतं. भाऊ-बहिणीचं बोलणं बंद झालं ते वेगळंच.

मी त्यांच्याबरोबर फायनान्स कंपनीत गेलो. काउंटरवरच्या मुलाला नोटरी दाखवली तर त्यानं ती उलटूनसुद्धा बघितली नाही. त्याचं बरोबर होतं. त्या कागदाला कंपनीची संमती नव्हती, तिच्या दृष्टीनं गाडी अजून मृत माणसाचीच. वारसांची जबाबदारी त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, हे मी सांगितलं तेव्हा आवाज जरा खाली आला. पुढं आम्ही दोघं-तिघं त्या गाववाल्याकडं गेलो. गाडी गोठ्याच्या बाजूला उभी, एक दिवा फुटलेला. भांडण केलं नाही. त्याचीही काजूची बाग त्या वर्षी गेली होती. गाडी कंपनीच्या ताब्यात दिली, लिलावात आली त्या किमतीला विकली, आणि कमी पडलेले ₹१,३८,००० भावानं भरले. वहिनी अजून महिन्याला दोन हजार भावाला परत करतात. तो नको म्हणतो, त्या पोस्टातनं पाठवतात.

आणि यात नशीब म्हणायचं ते हे, की त्या गाडीनं कुणाला उडवलं नव्हतं. सुप्रीम कोर्टानं २०१८ सालीच, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात, स्पष्ट सांगितलंय: गाडी कितीही हात बदलो, आरटीओत ज्याचं नाव आहे तोच कायद्यानं मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर. त्या खटल्यात गाडीला विमा नव्हता. नोटरीवर गेलेल्या गाडीचा विमा पुढं कोण भरतं, ते तुम्हीच सांगा.

म्हणून मी नोटरीच्या या वाटेला नुसतं 'धोक्याचं' म्हणत नाही, मी त्याला साफ नको म्हणतो. पाहुणा कितीही जवळचा असो. जवळच्या पाहुण्याशी तर कागद जास्तच चोख हवा, कारण परक्यावर दावा तरी लावता येतो. यावर माझ्याशी वाद घालणारे आहेत. एकजण म्हणाले, "साहेब, आमच्यात शब्दाला किंमत आहे." आहे, मान्य. पण शब्द देणारा माणूस मरतो, आणि शब्दाचा वारसा नोंदवायला कुठलंही ऑफिस नाही.

बँकांनाही मी सोडणार नाही. पूर्वी शाखेत शेवटचा हप्ता भरला की खातेदाराला त्याच आठवड्यात कागद मिळायचे, कारण कागद शाखेच्याच कपाटात असायचे. आता सगळं मुंबई-चेन्नईच्या मध्यवर्ती ऑफिसात. शाखेतला मुलगा फक्त "रिक्वेस्ट टाकलीय" एवढंच सांगू शकतो. तीन-तीन आठवडे एनओसी येत नाही, आणि ती यायला वेळ लागतो म्हणूनच माणसं नोटरीकडं आणि शोरूमच्या "आम्ही बघतो"कडं वळतात, हे बँकांना दिसत नाही का? रिझर्व्ह बँकेनं १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकात सांगितलंय की कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे आणि नोंदवलेला बोजा काढायचा, स्वतःच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ₹५,००० भरपाई द्यायची. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे, आणि ते स्थावर-जंगम दोन्हीच्या कागदांना आहे. पुतण्याची एनओसी वीस दिवस आली नाही तेव्हा मी या परिपत्रकाचा नुसता उल्लेख करून दोन ओळींचा ईमेल पाठवायला लावला. चौथ्या दिवशी फॉर्म ३५ घरी आला, दोन प्रतींत.

शोरूमवाल्यांच्या बाबतीत एक बरं झालंय. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचे डीलर अधिकृत असावे लागतात, आणि गाडी त्यांच्या ताब्यात दिल्याची नोंद परिवहनच्या पोर्टलवर केली की तिथून पुढं जबाबदारी त्यांची. तेव्हा "तुमचं ऑथरायझेशन आहे का आणि ताब्याची नोंद करून देणार का" हे दोन प्रश्न विचारा. उत्तर देताना माणूस इकडं-तिकडं बघायला लागला तर चहा पिऊन परत या. कोऱ्या २९-३० वर सही मागितली तरी तेच करा. गाडी कुणाच्या हातात जाणार हे ठाऊक नसताना घेणाऱ्याची जागा रिकामी ठेवून सही करणं, म्हणजे रकमेची जागा रिकामी ठेवून चेक देणं.

बायकांना एक सांगायचं आहे. घरातल्या गाडीची आरसी एकदा काढून बघा, त्यावर कुठल्या बँकेचं नाव आहे का ते वाचा. मिस्टरांना विचारायला संकोच वाटत असेल तर त्यांच्या खात्यातून पाच तारखेला, सात तारखेला काय कापलं जातं ते पासबुकात दिसतं. वहिनींनी हे आधी बघितलं असतं तर निदान वसुलीवाले दारात यायच्या आधी त्या माझ्याकडं आल्या असत्या.

पुतण्याची नवी गाडी कार्तिकात आली. कर्ज आठऐवजी साडेसहा लाखांचं केलं, मुदत पाचच वर्षांची, म्हणून गाडीही त्यानं मनात धरलेल्या मॉडेलपेक्षा एक पायरी खालची घेतली. सनरूफ नाही म्हणून त्याची मुलगी दोन दिवस रुसली होती. थोरले बंधू मात्र आता सरळ उभ्यानं टेकतात आणि बसतात, परवा स्वतःहून म्हणाले, वेंगुर्ल्याला जाऊन येऊ.

फॉर्म ३५, २९, ३० च्या कोऱ्या प्रती माझ्याकडं असतात. कुणाला लागल्या तर टिळकवाडीत सकाळी दहानंतर या, येताना कर्जखात्याचा उतारा आणि मूळ करार घेऊन या. नुसता हप्त्याचा आकडा सांगून हिशेब होत नाही.